गुणी बाळाची खोली

माझ्या सासऱ्यांच्या घरातली फर्नेस, म्हणजे सगळं घर तापवणारी गॅसची भट्टी, माझ्या बायकोच्याच वयाची होती, आणि दोघींपैकी त्यांचा जास्त विश्वास फर्नेसवर होता. ऋताचं ऐकायचं की नाही यावर ते विचार करत. फर्नेसचं मात्र लगेच ऐकत. तळघरात जरा वेगळी घरघर झाली की जेवण अर्धवट टाकून खाली धावत.

सासरे, म्हणजे चारुदत्त काका, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, पण आता कित्येक वर्षं परदेशात, बर्फाच्या श्रूजबरीत. त्या फर्नेसचे पट्टे, फिल्टर, मोटर सगळं त्यांनी स्वतः बदललेलं. एवढंच नाही, तळघर सजवलं तेव्हा डक्ट, म्हणजे गरम हवा खोल्याखोल्यांत नेणारे ते पत्र्याचे बोगदे, तेही त्यांनी स्वतः कापून, वळवून बसवले. नव्या पाहुण्याला घर दाखवताना ते दिवाणखाना दाखवत नसत, आधी तळघरात नेत.

मी राहतो वाळवंटातल्या चँडलरला. आमच्याकडे हिवाळा म्हणजे फुल बाह्यांचा शर्ट. हीटर घरात आहे हे आम्हाला वर्षातून एकदा आठवतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्या घरात चर्चाच नव्हती. ऋता आधीच येऊन राहिली, आणि मुलगी झाली तेव्हा मीही महिनाभराची रजा घेऊन जानेवारीच्या बर्फात सासरी दाखल झालो. जावई म्हणून माझे लाड यथेच्छ झाले. फक्त मला झोपायला दिली ती राजसची खोली. राजस म्हणजे माझा मेव्हणा. तो नोकरीसाठी सांता क्लाराला गेला त्या दिवसापासून काकांनी त्या खोलीतलं व्हेंट, म्हणजे गरम हवा आत सोडणारी जाळी, बंद करून टाकलं होतं.

“रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या?” हे काकांचं आयुष्यभराचं धोरण. मूल घराबाहेर पडलं की त्याचं व्हेंट बंद. मग पाहुण्यांची खोली बंद, मग शिवणाची खोली बंद. मी जाकीट घालून, कानटोपी ओढून झोपत होतो आणि सकाळी चहाला “झोप लागली ना छान?” असं विचारलं की “एकदम छान” म्हणत होतो. जावई दुसरं काय म्हणणार?

खरी अडचण बाळंतिणीच्या खोलीची होती. ती गराजच्या वर, डक्टच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथपर्यंत पोचेतो हवा कोमट होऊन जाई. हिवाळ्याआधी आलेल्या काँट्रॅक्टरने साफ सांगितलं होतं की फर्नेस बदला, आणि नुसती फर्नेस बदलून भागणार नाही, डक्टही नीट करा. काकांनी पहिलं वाक्य कसंबसं गिळलं. दुसऱ्याने मात्र त्यांचा चेहराच पडला.

“बारसं होऊन जाऊ दे,” जानेवारीत पुन्हा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले. “घरात ओली बाळंतीण असताना भिंती फोडू का मी?”

आता यात चुकीचं काय होतं? मलाही ते पटलं होतं.

मग त्यांनी आपला उपाय काढला. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते घरभर फिरले आणि उघडी होती तेवढीही व्हेंट बंद केली. दिवाणखाना, जेवणघर, त्यांची स्वतःची झोपायची खोली, सगळं. “सगळी हवा नातीला!” ते मोठ्या खुशीत म्हणाले. आणि खरोखरच खोली तापली. सुचित्रा काकू, म्हणजे माझ्या सासूबाई, तर हरखून गेल्या. त्यांनी मग आपल्या बाजूची तयारी केली. खिडक्यांना प्लॅस्टिक लावून कडा चिकटवल्या, दाराच्या फटीला टॉवेलची गुंडाळी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. रोज संध्याकाळी गराजबाहेर निखारा फुलवून आणायच्या आणि लोखंडी तव्यात ओवा, बाळंतशोपा, वावडिंग घालून धुरी द्यायच्या.

पहिल्याच धुरीला जिन्यातला अलार्म असा कोकलला की बाळ दचकून हातपाय ताठ करून रडायला लागलं. तो धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूचा असा दुहेरी अलार्म होता, आणि वर इंग्रजीत बोलतही होता. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी अलार्म जागेवर नव्हता. मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “ठेवलाय रे नीट. चाळीसाव्या दिवशी लावू परत.”

मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. तिथे विषारी वायूंच्या नळ्या भिंतीभिंतीतून जातात आणि अलार्म काढून ठेवणं सोडाच, त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं तरी नोकरी जाते. पण तो कारखाना, आणि हे सासर. मी अलार्म मागितला नाही.

ऋताचं डोकं दुखायला लागलं. नुसतं दुखणं नाही, ठणके. मग मळमळ. घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. काकू म्हणाल्या, जागरण. मालिनी मावशी म्हणाल्या, पाठीत दिलेल्या इंजेक्शनचं. या मालिनी मावशी म्हणजे काकूंची शेजारच्या गल्लीतली जिवाभावाची मैत्रीण. काका म्हणाले, पाणी कमी पितेस. रात्री बाळाजवळ झोपणाऱ्या काकूंनीसुद्धा डोक्याला फडकं आवळलं होतं, पण त्यांचं म्हणे पित्त होतं.

आणि बाळ? बाळ गुणी होतं. पहिले दोन दिवस सगळं घर डोक्यावर घेणारी मुलगी आता दूध पितापिताच झोपायची. उठवून पाजावं लागायचं. “किती गुणी गं बाई!” काकू येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या. “पोरगी रडतच नाही. ऋताने कसं रात्र रात्र नाचवलं होतं आम्हाला!”

बारसं शनिवारी संध्याकाळी ठरलं होतं. त्याच दिवशी सकाळी बाळाला वजन करायला डॉक्टरकडे न्यायचं होतं. गाडीत बसून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागच्या सीटवरून ऋता म्हणाली, “यार, किती बरं वाटतंय.” क्लिनिकमध्ये बाळाचे कपडे काढले तर तिने असा टाहो फोडला की बाहेरच्या खोलीतली मुलं दारात येऊन बघायला लागली. नर्सला लाथा काय मारल्या, मुठी काय आवळल्या. मला इतका आनंद झाला की मी व्हिडिओ काढला. वजन जरा कमी भरलं. डॉक्टर म्हणाली, जास्त वेळा पाजा, सोमवारी परत दाखवा.

आम्ही घरी आलो. ऋता आणि बाळ आपल्या उबदार खोलीत गेले. मी खाली काकांबरोबर पाळणा जोडायला लागलो. जेवणं झाल्यावर वर गेलो तर ऋता बाथरूममध्ये वाकून ओकत होती, आणि बाळ पलंगावर झोपलं होतं. मी त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. मग गालाला ओला रुमाल लावला. पापणी जराशी हलली. सकाळी नर्सला लाथा मारणारी माझी मुलगी ती हीच का, असं मला वाटलं.

मी जिन्यात आलो. छतावर अलार्मची रिकामी गोल चकती तेवढी होती.

“काकू, अलार्म कुठेय?”

काकू स्वयंपाकघरात घुगऱ्यांना फोडणी देत होत्या. पैठणी नेसून वर ॲप्रन बांधला होता. “आत्ता? अरे, बायका यायला लागतील. उद्या देते काढून.”

“नाही काकू. आत्ता हवाय.”

माझा आवाज चढला असावा, कारण काका दिवाणखान्यातून आत आले. “काय झालं?”

“ऋता घरात असली की आजारी, बाहेर गेली की बरी. बाळाचंही तसंच. मला फर्नेसची शंका येतेय.”

काका अगदी थंडपणे म्हणाले, “सौमित्र, ती फर्नेस मी तीस वर्षं हाताळतोय. कालच फ्लेम बघितली. निळीशार आहे. चल, दाखवतो.”

“फ्लेम नका दाखवू मला. अलार्म द्या.”

“तू चँडलरचा माणूस. तुला फर्नेस म्हणजे काय ते माहिती तरी आहे का?”

“अहो, आज नको ना,” काकू रडकुंडीला आल्या. दाराची बेल वाजली. मालिनी मावशी फुलं, पेढे आणि पाठोपाठ चार बायका घेऊन आत शिरल्या. बूट काढणं, जाकिटं ठेवणं, “अगंबाई, बाहेर काय गारठा आहे!” असा गलका सुरू झाला. काकू तोंडावर हसू आणून पुढे गेल्या.

मी कपाटं उघडायला लागलो. लाज सोडली म्हटलं तरी चालेल. सासूच्या पलंगपोसांच्या घड्या उपसत होतो. खालच्या कप्प्यात, दोन रजयांच्या मागे, चकलीचा मोठा स्टीलचा डबा होता. घट्ट झाकण, आत टॉवेल, टॉवेलच्या आत अलार्म. बॅटरी निघत नव्हती म्हणून काकूंनी त्याचा आवाज कोंडून टाकला होता. तो सुरू होता, पण डब्यातली हवा हुंगत पडला होता.

मी तो घेऊन वरच्या खोलीत गेलो. तोवर बायकाही वर आल्या होत्या, कारण बाळंतिणीला खाली गारठ्यात आणायचं नाही म्हणून खाली जोडलेला पाळणा वर नेला होता. बाळाला नवं झबलं घालून पाळण्यात ठेवलं होतं. माझी बहीण स्वानंदी नागपूरहून व्हिडिओवर होती. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव तिने सांगायचं, म्हणून फोन पाळण्याच्या दांडीला टेकवून ठेवला होता. नाव हॉस्पिटलच्या कागदांवर घालावंच लागलं होतं, पण ते आम्ही दोघांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. काकू रोज या ना त्या मार्गाने काढून घ्यायचा प्रयत्न करत होत्या.

मी अलार्म टेबलावर व्हेंटच्या शेजारी ठेवला. त्याच्या छोट्या पडद्यावर वायूचं प्रमाण दाखवणारा आकडा शून्य होता.

“हे काय आणलंस इथे?” मालिनी मावशींनी विचारलं. मी आकड्याकडे बघत राहिलो. मावशींनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. बायकांनी सूर धरला. ऋता भिंतीला टेकून बसली होती, हिरव्या साडीत, ओठ पांढरे पडलेले. दारात काका उभे होते, हाताची घडी घालून.

शून्य गेलं. चाळीस आलं. मग साठ.

“काका,” मी म्हटलं.

“धुरीचा असेल.”

“आज धुरी झाली नाही. काकू, झाली का?”

काकूंनी नकारार्थी मान हलवली. गाणं चालूच होतं, पण सूर विस्कटायला लागला होता. पडद्यावर ऐंशी दिसलं. नव्वद.

“सेन्सर जुना आहे,” काका म्हणाले. पण आता त्यांनी घडी सोडली होती. “डबल चेक करायला हवं. गराजमध्ये नेऊ, झिरो होतो का बघू. एका रीडिंगवर…”

“काका, आमच्या कारखान्यात नियम आहे. आधी बाहेर, मग वाद.”

“पाहुण्यांसमोर तमाशा…”

आकडा तीन अंकी झाला.

मी पाळण्यात हात घालून बाळाला उचललं. तिचं डोकं माझ्या हातावर भिजलेल्या फडक्यासारखं लोळलं. मग मी ओरडलो. सासरच्या घरात, सासूच्या मैत्रिणींसमोर, आयुष्यात कधी ओरडलो नाही असा. “सगळे बाहेर! चपला शोधू नका! बाहेर!”

पैठण्या सावरत, एकमेकींना धरत बायका जिना उतरल्या. मालिनी मावशींनी ऋताला जवळजवळ कडेवरच घेतलं. वाटेत मला काका कुठेच दिसले नाहीत. गराजसमोरच्या ड्राइव्हवेवर घोट्यापर्यंत बर्फ होता आणि नुसत्या पायमोज्यांनिशी आम्ही त्यात उभे राहिलो. कोणीतरी आपली शाल बाळावर टाकली. मी फायरवाल्यांना फोन लावून पत्ता सांगत होतो, आणि ऋता बाळाचे गाल चोळत होती.

“उठ ना, पिल्लू. उठ. डोळे उघड.”

बाळ उठत नव्हतं. श्वास होता. मी माझा गाल तिच्या नाकाशी धरला होता, श्वास होता. पण ती उठत नव्हती.

“सावनी!” ऋता एकदम किंचाळली. “सावनी, उठ! सावनी!”

काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नातीचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं. मग त्याही पुढे झाल्या आणि बाळाचे तळपाय चोळत हाका मारायला लागल्या. “सावनी! बाळा, सावनी!” मागून मालिनी मावशी, मग बाकीच्या बायका. शेजारच्या घरांतली माणसं दारात येऊन बघत होती. वर रिकाम्या खोलीत फोनमधून स्वानंदी विचारत असणार, काय झालं, काय झालं.

तेवढ्यात काका बाहेर आले. पायात सपाता, अंगात नुसता कुर्ता. त्यांनी तळघरात जाऊन गॅसची कळ बंद केली होती आणि घराची सगळी दारं सताड उघडी टाकली होती. ते ऋताजवळ आले नाहीत. मेलबॉक्सला धरून उभे राहिले.

फायरवाले आले, पाठोपाठ अँब्युलन्स. पॅरामेडिकने बाळाच्या तोंडावर छोटा मास्क धरला आणि नाव विचारलं. ऋताने ते सांगितलं, आणि त्याने आपल्या उच्चारात ते रेडिओवर मोठ्याने सांगितलं. दार बंद होण्याआधी मी बाहेर बघितलं. काकूंनी दोन्ही हात जोडले होते.

हॉस्पिटलमध्ये आई आणि मुलगी दोघींना ऑक्सिजन दिला. रक्त तपासलं. काकूंचंही तपासलं, तर त्यांच्या पित्ताचं नावसुद्धा कार्बन मोनॉक्साइडच निघालं. मी काचेबाहेर उभा होतो. मला कोणाचाही राग येत नव्हता, नुसती भीती वाटत होती. काका माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते, ओल्या सपाता घालून. त्यांनी एकदाही विचारलं नाही, कशी आहे. त्यांची विचारायची हिंमत नव्हती.

मग काचेच्या आतून रडणं ऐकू आलं. आधी कुरकूर, मग कण्हणं, आणि मग सकाळचा तो टाहो. नर्स हसली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. काका उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही मालिनी मावशींकडे मुक्काम हलवला. दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन गार पडलेल्या घरात गेले. ती कोणी सुरू करू नये म्हणून फायरवाल्यांनी फर्नेसला लाल पट्टी बांधली होती. त्यांनी पुढचा पत्रा काढला, गुडघ्यावर बसले, दाढी करायचा आरसा आत घातला आणि टॉर्च मारला.

“बघ,” ते म्हणाले.

आरशात आतला पत्रा दिसत होता, आणि त्यावर वाकडीतिकडी चीर. ज्योतीचा धूर ज्याच्या आत राहायला हवा, तोच पत्रा फुटला होता.

“तापून तापून फुटलाय,” काका म्हणाले. “हवा खेळायला जागाच नव्हती त्याला. एकेक खोली बंद करत गेलो मी. आणि आता सगळ्या बंद केल्या. इथून जे बाहेर पडलं, ते सगळं एकाच खोलीत गेलं.” त्यांनी आरसा जमिनीवर ठेवला. “सगळी हवा नातीला, म्हणालो होतो ना मी?”

मी टॉर्च त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांना उठायला हात दिला.

त्याच आठवड्यात काँट्रॅक्टरची माणसं आली. जुनी फर्नेस कापून तुकड्यातुकड्यांनी वर नेली. काकांनी लावलेला डक्ट कुठे अरुंद, कुठे वाकडा होता, तोही निघाला. परत येणाऱ्या हवेसाठी जिन्यात मोठी जाळी बसली, गराजवरच्या खोलीपर्यंत रुंद, ऊब टिकवणारा काचकापूस गुंडाळलेला नवा डक्ट गेला. काका कोणाला शिकवायला गेले नाहीत. फक्त सगळं संपल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरभर फिरले, आणि या वेळी प्रत्येक व्हेंट उघडून त्याची बंद करायची पट्टीच काढून घेतली. राजसच्या खोलीतलीसुद्धा. अलार्म जिन्यात परत लागला, आणि एक नवा बाळाच्या दाराशी. धुरी आता गराजमध्ये, दार उघडं ठेवून, नुसती नावाला. ऋता तिथे जातच नाही.

आम्ही काकांच्या घरी परतलो त्या दुपारी मालिनी मावशी पेढे घेऊन आल्या. बाळाला भूक लागली होती, आणि दूध येईपर्यंतचं अर्धं मिनिटही तिला चालत नव्हतं. तिने घर डोक्यावर घेतलं. नव्या डक्टमधून तो आवाज खोल्याखोल्यांत पोचत होता. तळघरात नव्या फर्नेसपाशी बसलेल्या काकांनाही ऐकू गेला असावा, कारण ते धापा टाकत वर आले आणि खोलीच्या दाराशी उभे राहून ऐकत राहिले.

“काय गं बाई हे!” मालिनी मावशी कानांवर हात ठेवत म्हणाल्या. “त्या दिवशी किती गुणी होती!”

काकूंनी पाळण्याची दोरी हातात घेतली होती, ती खाली ठेवली.

“रडू दे तिला,” त्या म्हणाल्या. “आणि मालिनी, तिला गुणी म्हणू नकोस.”